ब्रदर होबार्टच्या तेलाचा चमत्कार

रोडिओच्या, म्हणजे उधळत्या बैलांवर स्वारी करायच्या खेळाच्या, मैदानालगतच्या मांडवात चारशे माणसं टोप्या काढून उभी होती आणि धर्मोपदेशक ब्रदर होबार्ट तेलाची बाटली नाचवत होता. "जिभेला एक थेंब लावा! जीभ बधिर झाली की समजा, पवित्र आत्मा उतरला!" जिभा खरंच बधिर होत होत्या. मग काय विचारता! बायका रडायला लागल्या, बाप्ये गुडघ्यांवर आले.

बैलस्वार क्लेटन मंचावरच्या खुर्चीत पुरता अडकला होता. दीड तासापूर्वी बैलाची धडक थेट त्याच्या जांघेत बसली होती. पडलेल्या स्वारानं आपल्या पायांनी चालत रिंगणाबाहेर यायचं आणि टोपी हलवायची, हा तिथला रिवाज. त्यानं हलवली आणि कुंपणामागे जाऊन दोनदा ओकला. आता अंडकोष टम्म सुजला होता, कळ पोटात चढत होती आणि होबार्टचे दोन चेले त्याचे खांदे दाबून उभे होते.

"तेल चोळलंस ना, बेटा? गेलं दुखणं?"

कातडी बधिर झाली होती, आतली कळ तश्शीच होती. पण नाही म्हणावं, तर सगळ्या गावासमोर आपलीच श्रद्धा कच्ची ठरणार. "गेलं," तो पुटपुटला.

"शाब्बास! आता डॉक्टरची पायरी चढलास, तर सातपट परत येईल! विचार या मर्लला!"

मर्ल हा गेल्या वर्षीचा साक्षीदार. "मलाही असंच लागलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी कळ गेली, ती गेलीच."

क्लेटनची बहीण लॉर्ना दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिनं तेलाचा थेंब ओठाला लावला, क्षणभर थांबली आणि तरातरा मंचावर चढली.

"आत्मा कसला डोंबलाचा! दाढ काढण्याआधी आम्ही हिरडीला लावतो ते औषध आहे हे. रोज वीस जणांवर आत्मा उतरवते मी! क्लेट, खरं सांग, दुखतंय?"

"मरतोय गं ताई."

चेल्यांना ढकलून तिनं त्याला गाडीत घातलं. मर्लही मागे चढून बसला.

"वृषण पिळवटून रक्तवाहिनी आवळली होती," शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून दोन-तीन तास गेले असते, तर काढावं लागलं असतं. वाचलं."

"पण माझी कळ तर आपोआप गेली होती," मर्ल म्हणाला.

बाईंनी त्याला आत नेऊन तपासलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मेलेला अवयव दुखत नाही, मर्ल."

वर्षभर हा बिचारा आपल्याच नुकसानीची साक्ष देत फिरला होता!

पुढच्या रविवारी होबार्टनं त्याला पुन्हा मंचावर बोलावलं. मर्ल उठला.

"पोरांनो, जांघेत मार लागला आणि तासाभरात कळ ओसरली नाही, सूज आली, ओकारी झाली, लघवीत रक्त दिसलं, तर लाजू नका. तडक दवाखाना गाठा. आणि एवढी जबर कळ एकाएकी थांबली, तर आणखी घाई करा. माझी थांबली होती."