वजनाचा रकाना

नाणेवाल्याने कडेने धरून नाणं काट्यावर ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात मागे घेतला.

“चोवीस पूर्णांक नऊ. अठराशे अडुसष्ट. दाढीवाले सम्राट.”

“आमच्या पाहुण्यांपेक्षा जास्त मुक्काम केलाय त्यांनी इथे,” वहिनी म्हणाल्या आणि वहीत खूण केली.

त्या त्याच्या मित्राच्या पत्नी. मित्र जाऊन चार महिने झाले होते. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. नोकरीभर त्याने दुकानदारांचे काटे तपासले आणि सुट्टीच्या दिवशी एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चांदीची नाणी जमवली. पाच फ्रँकचं नाणं पंचवीस ग्रॅमचं. झिजलेलं थोडं कमी भरतं, नकली बरंच कमी. प्रत्येक नाण्यासाठी त्याच्या वहीत एक ओळ होती : साल, टांकसाळ, कुठून, वजन.

वहिनी आता लेकीकडे राहायला जाणार होत्या. तिथे जागा बेताची. सदतीस नाणी विकायची ठरली होती.

एकोणिसावं नाणं अठराशे एकोणपन्नासचं होतं. दोन स्त्रिया आणि त्यांच्यामध्ये एक धिप्पाड पुरुष.

“हे मी आणलेलं,” वहिनी म्हणाल्या. “लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पगारातून. दोन दिवस यांनी ते खिशातून काढलंच नाही.”

नाणेवाल्याने ते बोटाच्या टोकावर तोलून नखाने टिचकी मारली. आवाज खणखणीत न येता जागच्या जागी बसला. त्याने कडेवरून अंगठा फिरवला, नाणं खणात परत ठेवलं आणि पुढचं उचललं.

“भावजी, एक राहिलं.”

“राहू द्या हो. जरा चहा टाकता का?”

वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी वही त्याच्यापुढे फिरवली. त्या ओळीत साल होतं, टांकसाळ होती. ‘कुठून’खाली लिहिलं होतं : घरून. वजनाचा रकाना कोरा होता.

“मला वाटायचं, विसरले असतील. अख्ख्या वहीत एवढा एकच.”

नाणेवाला चष्मा पुसू लागला.

“ठेवा काट्यावर.”

त्याने ठेवलं. “बावीस पूर्णांक तीन.”

“म्हणजे चांगलीच फसले होते मी.”

“वहिनी, त्या काळी भलेभले फसायचे.”

“हे नाही फसले.” त्या किंचित हसल्या. “आणि भाजीवालीचा काटा मात्र दर आठवड्याला तपासायचे. ती मला बघून तोंड फिरवायची.”

काट्यावरचा आकडा तसाच होता.

वहिनींनी पेन्सिल कोऱ्या रकान्यावर टेकवली. थोडा वेळ ती तिथेच राहिली. मग त्यांनी ती उचलून खालच्या ओळीवर नेली. दुसऱ्या हाताने काट्यावरचं नाणं उचलून मुठीत घेतलं.

“पावतीवर छत्तीसच लिहा,” त्या म्हणाल्या. “हं, पुढचं सांगा.”