भज्यांखालचं पान

मित्रांनो, मी पितळी काड्यांचा एक जुना चष्मा आहे. एक काडी मोडलेली, तिथं दोरा गुंडाळलाय. माझी भिंगं हैदराबादेत घासली गेली, पण जन्म गेला तो भूमच्या गफारचाचांच्या नाकावर. चाचा गावोगावच्या बाजारात बांगड्या विकत. एस.टी.च्या टपावर बांगड्यांची पेटी आणि सदऱ्याच्या खिशात मी.

बाजार उठला की चाचा त्या गावचं वाचनालय गाठत. तिथं मला काय काय बघावं लागलं म्हणून सांगू! थुंकी लावून उलटलेली पानं, कोपऱ्यात तंबाखूची पिंक, चित्रातल्या बाईला काढलेल्या मिशा. शी! अंगावर काटा येई. तरी चाचा मला पुसून म्हणत, "ह्यो हाय म्हणून माझं वाचन हाय." तेवढ्यानं मी सुखावत असे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. एका गावच्या वाचनालयात चाचांना एक उर्दू कादंबरी सापडली. त्या गावाचं नाव घ्यायचीही मला इच्छा नाही. काफिल्यातून चुकलेल्या गुलबानो नावाच्या पोरीची ती गोष्ट होती. चाचा शाळेत उर्दूच शिकलेले. बाहेरगावच्या माणसाला पुस्तक घरी नेता येत नसे. म्हणून दर बाजारी तिथंच थोडं थोडं वाचायचं आणि घरी बायकोला सांगायचं. ताहेराबी कंबरेच्या दुखण्यानं खाटेला खिळलेली. तिचा आठवडा त्या गोष्टीवर निघे.

"पोरगी घरी पोचंल ना हो?" ती विचारी.

"आता थोडंच ऱ्हायलंय. येत्या बाजारी शेवट आणतो," चाचांनी कबूल केलं.

त्या बाजारी कपाटात पुस्तकच नव्हतं. वाचनालय सांभाळणारा धोंडप्पा मोठ्या अगत्यानं म्हणाला, "बसा चाचा, दमला असाल. गरम भजी खावा."

चाचांनी दोन भजी तोंडात टाकली. मी भज्यांखालच्या कागदाकडं बघत होतो. तेलात उर्दू अक्षरं होती. त्यात गुलबानोचं नाव! चाचांचा घास तिथंच अडला.

"धोंडप्पा, ह्यो कागद कुठला?"

"त्यो व्हय? जुनं उर्दू पुस्तक होतं. आता कोण वाचतंय ते? दिलं भजीवाल्या गंगम्माला."

"मी वाचत होतो की!"

"तुमी पावणे, चाचा. गावातलं कुणी न्हाय वाचत," असं म्हणून तो हसला.

हसला, मित्रांनो! तेलाची नव्हे, त्या हसण्याची मला किळस आली. चाचा गंगम्माच्या गाड्याकडं धावले. बाकीची पानं केव्हाच गिऱ्हाइकांच्या हातून उकिरड्यावर गेली होती.

घरी ताहेराबी कोपर टेकून उठून बसली. चाचांनी भज्यांखालचं ते एकच पान तिच्यापुढं धरलं. तेल इतकं मुरलं होतं की मागची अक्षरं पुढच्यांत मिसळलेली. मी जीव तोडून बघितलं, पण एक ओळ लागेना.

"अहो, पोचली का पोरगी?"

चाचांनी मला डोळ्यांवरून काढलं. "म्या तिच्यावर भजी खाल्ली, ताहेरा. कळलं तवा घास तोंडात होता."

ताहेराबीनं पुन्हा कधी गोष्ट मागितली नाही. चाचा वाचनालयाची पायरी चढेनासे झाले, आणि मी फडताळात पडलो.

मित्रांनो, पुस्तकाला तेलकट हात लावू नका, हे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. कुणी वाचत नाही म्हणून पुस्तक टाकायला निघालात, तर जरा थांबा. कुणीतरी ते अर्धं वाचून एस.टी. धरायला उठलं असेल. त्याला परत यायचं असतं.