बंद पडलेल्या कंपनीची गाडी

तिला सगळे कानवाली ताई म्हणायचे. कानाची मशीनं बसवायचं तिचं काम, पण दुकान थाटून बसण्यातलं नव्हे. ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या घरी ती जायची. कानाचा साचा घ्यायची, दोन आठवड्यांनी मशीन घेऊन पुन्हा जायची, आणि मग महिनाभर फोनवर "शिट्टी वाजतेय", "बॅटरी उलटी बसली का" असल्या तक्रारींना उत्तरं देत राहायची. निम्मे पेशंट डोंगराकडच्या वस्त्यांत. तिची जुनी बुटकी गाडी त्या रस्त्यांवर पोट घासत जायची. एक दिवस दगड लागून खालचा ऑइलचा चेंबर फुटला आणि तपासणीची पेटी खांद्याला लटकवून तिला दोन किलोमीटर चालावं लागलं. त्या दिवशी तिनं ठरवलं, आता उंच गाडी.

तिच्या मोठ्या भावाचं गॅरेज होतं. दादानं सात गाड्या दाखवल्या. ज्या धड होत्या त्या झेपत नव्हत्या, आणि ज्या झेपत होत्या त्या धड नव्हत्या. मग तिनंच एक जाहिरात शोधून काढली. छोटी एसयूव्ही, नऊ वर्षांची, एकाच मालकाची, फिरलेली कमी. फक्त ती बनवणारी कंपनी सहा वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

दादानं फोनवरचा फोटो पाहिला आणि हात पुसायचं फडकं बाकावर आपटलं.

"अगं, ती कंपनीच गेली! शोरूम नाही, पार्ट नाहीत. उद्या दाराची कडी तुटली तर दोरीनं बांधून फिरणार आहेस का?"

"तुझं गॅरेज आहे ना?"

"गॅरेज आहे, कारखाना नाही."

"म्हणून तर स्वस्तात मिळतेय."

"स्वस्त नाही गं, अनाथ आहे ती." मग जरा नरमून म्हणाला, "जा, बघून ये. पण हो म्हणून येऊ नकोस. मी पाहिल्याशिवाय नाही."

शनिवारी सकाळी ती गेली. गल्लीच्या टोकाला बैठं घर, शेजारी पत्र्याच्या छपराखाली गाडी. दार उघडलं मालकाच्या मुलीनं. ती शाळेत गणित शिकवायची, जाहिरातही तिनंच दिली होती. "बाबांचं वय झालंय," ती हळू आवाजात म्हणाली. "आता गाडी नकोच म्हटलं." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात आतून म्हातारे गृहस्थ बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, पायात मात्र एक मोजा काळा आणि एक निळा.

ते ताईशी बोलायला लागले आणि तिच्या लगेच लक्षात आलं, ते मान किंचित उजवीकडे वळवून डावी बाजू आपल्या पुढ्यात करतात. उजवा कान गेलेला दिसतोय, तिनं मनात नोंद केली. सवयीनं तिचा आवाज चढला, शब्द सुटे सुटे झाले.

"काका, गाडी, किती, चाललीय?"

"ओरडता कशाला? मला नीट ऐकू येतं."

हे वाक्य ताईनं आजवर हजार वेळा ऐकलं होतं. ज्यांना ऐकू येत नाही ते सगळे हेच म्हणतात, आणि वर लोकांनाच पुटपुटायची सवय लागलीय असं सांगतात. त्यामुळे ती समजूतदारपणे हसली आणि तितक्याच मोठ्यानं बोलत राहिली.

काकांनी गाडीचं कौतुक केलं नाही. उलट तिच्या कागाळ्याच सुरू केल्या. "मागचं डावं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. नवीन असल्यापासून. त्या महिन्यात कड्यांचा माल तसाच आला होता. एसी लावला की चढावर हिला दम लागतो. काचेवर पाणी मारणारी पिचकारी दर वर्षी तुंबते, टाचणी घालून काढावी लागते. आणि हे बघा." त्यांनी पुढच्या दाराच्या हँडलखाली न बघता बोट ठेवलं. "इथं रंगात तांदळाएवढा फुगवटा आहे. तो माझ्या हातून सुटला."

"तुमच्या हातून?"

तेव्हा तिला कळलं, काका त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं होते. शेवटची अकरा वर्षं तपासणी विभागात. रंग देऊन आलेली गाडी ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभी राहायची, आणि कुठं ओघळ, कुठं धुळीचा कण, कुठं फुगवटा हे त्यांनी शोधायचं. दिवसाला चाळीस गाड्या. ही गाडी त्यांनी पास केली, पुढं गेली, आणि मग तो तांदूळ त्यांना दिसला. साहेब म्हणाले, जाऊ द्या, कोणाला कळतंय. काकांना काही ते पचलं नाही. त्यांनी ती स्वतःच विकत घेतली.

"विकायची इच्छा नाही तुमची," ताई म्हणाली.

"मुलीची आहे," काका म्हणाले.

गेल्या महिन्याभरात ताईनं सात गाड्या पाहिल्या होत्या. सातही मालकांनी गाडी कशी लोण्यासारखी चालते ते सांगितलं होतं. आणि हा माणूस गिऱ्हाईक पळवून लावायला म्हणून का होईना, खरं बोलत होता. तिनं मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली. दादाला काय सांगायचं ते पुढचं पुढं.

"एक फेरी मारूया?" तिनं विचारलं.

"आधी मी दाखवतो," काका चावी घेऊन निघाले.

"बाबा, त्यांनाच चालवू द्या ना," मुलगी दारातून म्हणाली.

"मी काय मेलोय?"

मुलीनं ताईकडे पाहिलं, ओठ उघडले आणि परत मिटले.

काकांनी गाडी मागे घेतली ती अगदी एका दमात, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून. ते हळू चालवत होते. ताईला वाटलं, गाडीवर जीव आहे, म्हणून जपून चालवतात. क्लच कुठं धरतो, ब्रेक किती दाबायचा, हे सगळं ते सांगत होते आणि ती इंजिनाचा आवाज ऐकत होती. आवाज एकसारखा होता, कुठं खरखर नव्हती. गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. पुढं पायी जाणाऱ्यांसाठी रंगवलेले पांढरे पट्टे होते, आणि त्यांच्या बरोबर मध्ये राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस वाकून पिशवीतून सांडलेले बटाटे गोळा करत होता.

काका थांबतील, असं धरून ताई बसली होती. गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. काका क्लचबद्दलच बोलत होते.

"काका!"

त्यांनी पाय उचलला, पण तो ब्रेकवर नेला नाही. कुठं, काय, हेच त्यांना कळलं नव्हतं. ताईनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडीनं हिसका दिला आणि थांबली. तो माणूस आणि बोनेट यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. त्यानं शिवी हासडली, बोनेटवर चापट मारली आणि बटाटे तसेच टाकून निघून गेला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

त्या दोन शब्दांवरून ताईला कळलं. त्यांनी तो माणूस पाहिलाच नव्हता.

मागून हॉर्न वाजायला लागले. काका उतरले. बोनेटवर हात ठेवून, त्याच्या आधारानं वळसा घालत ते तिच्या बाजूला आले.

"तुम्ही चालवा."

तिनं गाडी पुढच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं. 

"मधोमध धुकं असतं," काका म्हणाले. "दीड वर्ष झालं. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच जातं. तुमच्याकडे सरळ बघितलं तर तुम्हाला तोंडच नाही. म्हणून जरा बाजूला बघायचं, मग कडेकडेनं चेहरा येतो."

"मला वाटलं, तुमचा उजवा कान गेलाय."

"म्हणून किंचाळत होता होय!" काकांना हसू फुटलं. तीही हसली. हसता हसता काकांनी चेहरा ओंजळीत धरला, आणि ते हसू कुठं संपलं ते तिला कळलं नाही.

"अकरा वर्षं माझ्या डोळ्यांवर कंपनी चालली," ते म्हणाले. "मोठ्या साहेबांनाही दिसायचं नाही ते मला दिसायचं. आता कोणाला काय सांगू?" मग थोड्या वेळानं, "गाडी न्या तुम्ही. पण मुलीला यातलं काही सांगू नका."

ताईच्या धंद्याचा एक नियम होता. पेशंट जे सांगेल ते त्याच्या घरच्यांच्या कानावर घालायचं नाही. आजवर तिनं तो मोडला नव्हता. पण राखाडी स्वेटरची ती वाकलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि तिला स्वतःचाही राग येत होता. वेगवेगळे मोजे तिनं पाहिले होते, न बघता ठेवलेलं बोट पाहिलं होतं, वळलेली मान पाहिली होती. पण कानांपलीकडे तिला काही सुचलंच नव्हतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. मी शेजारी बसते."

 घर येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते, किंवा तसं वाटत होतं.

मुलगी चहा ओतत होती. काका खुर्चीत बसले, कपाकडे हात नेला, चाचपला, आणि तसाच धरून म्हणाले, "आज एक माणूस माझ्या गाडीखाली यायचा राहिला. मला दिसला नाही. मला गेलं दीड वर्ष समोरचं दिसत नाही."

मुलगी किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"डोळे?" ती म्हणाली. "बाबा, डोळे?"

"हो. डोळेच."

तिनं किटली खाली ठेवली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. काका गोंधळले. ताईलाही काही उमजेना.

"तुम्ही पेपर वाचायचं सोडलंत," मुलगी म्हणाली. "शेजारचे काका समोर उभे, तरी तुम्ही ओळख दाखवली नाहीत. चहात मीठ घातलंत. मी विचारलं की चिडायचात. मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात. हळूहळू मलाही विसराल. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय मी, तुम्हाला न सांगता. डोक्याच्या डॉक्टरांची."

"मला वेड लागलंय असं वाटलं तुला?" काका ताडकन उठले.

"मग काय वाटायला हवं होतं? तुम्ही सांगितलंत का?"

"साखर आणि मीठ एकसारखंच दिसतं गं!"

"ते आता कळतंय मला!"

दोघं एकमेकांवर ओरडत होती आणि मुलीच्या चेहऱ्यावर, रडता रडता, जिवावरचं ओझं उतरल्याची खूण होती. ताई कप घेऊन बाहेर छपराखाली जाऊन उभी राहिली. आत बराच वेळ आवाज चालू होते, मग खाली आले, मग कपबश्यांचे आले.

सोमवारी दादानं गाडी रॅम्पवर चढवली. बॅटरी घेऊन तासभर खालून, वरून, आतून तपासली. काकांनी सांगितलेली एकेक कागाळी खरी निघाली आणि त्याबाहेरचं काही सापडलं नाही. दादाला हे फारसं रुचलं नाही. "पार्टचं काय करायचं ते तू बघ," असं म्हणून त्यानं मान डोलावली. नंतर दाराच्या कडीसाठी तो स्वतःच काकांकडे गेला आणि दोन तासांनी एक खोका घेऊन परतला. कंपनी बंद झाली तेव्हा भंगारात चाललेले सुटे भाग काकांनी घरी आणून ठेवले होते. खोक्यात हात घालून, नुसत्या बोटांनी ओळखून त्यांनी हवी ती कडी काढून दिली होती. "मी लाइट लावू का विचारलं," दादा सांगत होता, "तर म्हणतात, तुम्हाला हवा असेल तर लावा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत यायचं नाही. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर आहे तेवढं टिकेल. मुलगी काकांना घेऊन जायची. तिसऱ्या महिन्यात तिच्या शाळेच्या परीक्षा आल्या, तेव्हा ताई म्हणाली, मी नेते.

ती दोघं अर्धा तास आधीच पोचली. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून दोघं बसून राहिली. काकांनी सीटबेल्ट सोडला, घडी करावी तसा हळू आत जाऊ दिला.

"एक सांगा," ते म्हणाले. "कानाला ते मशीन लावल्यावर माणसाला पहिलं काय ऐकू येतं? नातवंडांचा आवाज वगैरे?"

"छे हो. पहिलं ऐकू येतं फ्रिजची घरघर. मग स्वतःच्या चपला. एक आजी तर म्हणाल्या, हे काढा आधी, माझी साडी किती वाजते!"

"मग काढून ठेवतात?"

"काही जण ठेवतात कपाटात. पण बहुतेक जण चार दिवस कुरकुरतात, आणि पाचव्या दिवशी फोन येतो की बॅटरी संपली, लवकर आणा."

 सुईची भीती वाटते, असं काकांनी मुलीला अजून सांगितलं नव्हतं, ते ताईला सांगितलं. ती "हो, वाटतेच" म्हणाली, समजूत घातली नाही. मग त्यांची वेळ झाली. ते उतरले, दार लावलं, आणि गाडीला वळसा घालून ती येईपर्यंत तिथंच थांबले. ती जवळ आल्यावर त्यांनी आपणहून तिच्या कोपराला हात घातला.

"पायरी आली की सांगा," ते म्हणाले.