एका मिनिटाला किती

मी वाईट शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते. सातवीचं गणित शिकवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. माझ्या वर्गात मात्र पोरं एकमान पद्धत खेळता खेळता शिकतात. पुस्तकातलं गणित असतं, बारा डब्यांत साठ पेन्सिली, तर एका डब्यात किती? पोरं जांभया देतात. मी बाकं भिंतीला लावते आणि चार कोपऱ्यांत चार खेळ मांडते. एका कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या, दुसऱ्यात चमच्याने एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकायचे, तिसऱ्यात टाळ्या, चौथ्यात स्वतःचं नाव भराभर लिहायचं. जोडीतल्या एकाने करायचं, दुसऱ्याने मोजायचं. वेळ दहा सेकंद. आलेल्या आकड्याला सहाने गुणलं, की एका मिनिटाला किती ते कळतं. पंधरा दिवसांत माझा ढ-तला ढ सुद्धा झोपेत सहाचा पाढा म्हणायला लागला.

खेळाचा शेवट रांगेने व्हायचा. फरशीवर खडूची लांब रेघ, तिच्यावर ज्याच्या त्याच्या दराप्रमाणे उभं राहायचं. सगळ्यांत जास्त दर खिडकीपाशी, सगळ्यांत कमी दाराशी. दाराशी उभं राहणाऱ्याला पोरांनी नाव पाडलं, शेपूट. मी ते थांबवलं नाही. हसत शिकलेलं पोरं विसरत नाहीत, असं माझं मत होतं आणि निकाल माझ्या बाजूने होता.

शेपूट बहुतेक वेळा एकच असे. ती माझी मुलगी.

स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात असलं की काय होतं, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. चार मार्क जास्त पडले तर आईने दिले, कमी पडले तर आईलाच शिकवता येत नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी नियम केला. शाळेच्या फाटकाच्या आत मी बाई, बाहेर आई. फाटकाच्या आत माझ्याकडून कसलीही सवलत मिळणार नाही, उलट दोन रट्टे जास्तच. तिने मान डोलावली. ती नेहमी मान डोलावते, आणि मला त्याचाच राग येतो.

सहा वर्षं मी या शाळेत तात्पुरती होते. दर वर्षी जूनमध्ये नवं पत्र, दर वर्षी एप्रिलमध्ये जीव टांगणीला. या वर्षी जागा कायम होणार होती आणि उमेदवार दोघी. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं, "तपासणीला साहेब येतायत. तुमचा खेळाचा तास बघणार आहेत. तो जमला तर जागा तुमची. फसला तर मला काही सांगू नका."

त्याच आठवड्यात मुलगी तापातून उठली होती. छातीत कफ झालेला, तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी शाळेसाठी चिठ्ठी दिली: दोन महिने पळणं नाही, उड्या नाहीत. ती चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली आणि तिथेच राहू दिली. बाईंची मुलगी बाकावर बसून राहिली, तर उद्या आणखी दहा जणींचे गुडघे दुखतील. आणि साहेबांसमोर नुसतं बसून राहिलेलं पोर मला नको होतं.

तपासणीच्या सकाळी तिने वेणी घालून घेताना विचारलं, "आई, चिठ्ठी दिलीस ना मोठ्या बाईंना?"

"दिली," मी म्हटलं. "पण तू थोडंसं कर. दहाच सेकंद तर असतात. आणि आज तरी शेपूट होऊ नकोस गं बाई. माझ्या पोटावर पाय नको."

तिने मान डोलावली.

साहेब मागच्या बाकावर बसले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. तास असा रंगला, की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. वाटाणे टपटप पडत होते, टाळ्या, आरडाओरडा, "सहाने गुण रे, गाढवा!" सगळं जिथल्या तिथे. शेवटी दोरी. चश्मिसने दहा सेकंदांत सतरा उड्या मारल्या, मिनिटाला एकशे दोन. उंच म्हणून ज्याला सगळे उंट म्हणतात त्याने एकवीस, मिनिटाला एकशे सव्वीस. मग मुलगी उभी राहिली. तिने दोरी दोनदा हाताला गुंडाळून आखूड केली, माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली.

चोवीस. तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. चोवीस गुणिले सहा, एकशे चव्वेचाळीस. पोरांनी आ वासला. शेपूट खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, सगळ्यांच्या पुढे. गाल लाल, छाती वरखाली. ती माझ्याकडे बघून हसली आणि मला आनंद झाला, का नाही व्हायचा? तेवढ्यात साहेब उठले.

"मुलांनो, ही एका मिनिटाला एकशे चव्वेचाळीस उड्या मारते, असं तुमचं गणित सांगतं. खरंच मारेल का?"

अर्धा वर्ग हो, अर्धा वर्ग नाही.

"मग पडताळून बघू या." साहेब माझ्याकडे वळले. "पूर्ण मिनिट करून घेता येईल ना हिच्याकडून? काही अडचण?"

माणसाने स्पष्ट विचारलं होतं. अडचण माझ्या पर्समध्ये होती, पर्स टेबलावर होती. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, माणूस दमतो, दहा सेकंदांचा दर मिनिटभर टिकत नाही. गणित म्हणूनही तेच उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, "काही अडचण नाही, साहेब."

घड्याळ माझ्या हातात. वर्ग एका सुरात मोजायला लागला. दहाव्या सेकंदाला बावीस. विसाव्याला अडतीस. तिसाव्याला एकोणपन्नास, आणि आता प्रत्येक उडीबरोबर तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. चाळिसाव्या सेकंदाला दोरी पायात अडकली. ती गुडघ्यांवर हात ठेवून खोकत उभी राहिली.

"एकोणसाठ," चश्मिस म्हणाला. त्याची वही तयारच होती.

"आई," ती म्हणाली. "आई, बस ना."

वर्गात खसखस पिकली. साहेबांनी मान वर केली. माझ्या कानशिलांना आग लागली, आणि त्या क्षणी मला त्या पोरीचा इतका राग आला की काय सांगू. सहा वर्षं. वीस सेकंदांसाठी ही सहा वर्षं पाण्यात घालते की काय?

"बाई म्हण," मी म्हटलं. "आणि दोरी उचल. घड्याळ थांबत नाही."

तिने दोरी उचलली. साठ. एकसष्ट. उड्या कसल्या, पाय फक्त जमीन सोडत होते. पोरांना चेव चढला, ती टाळ्यांच्या तालावर मोजत होती. मी "थांब" म्हटलं तेव्हा बहात्तर झाल्या होत्या.

"बरोबर निम्म्या!" उंट ओरडला. "बाई, एकशे चव्वेचाळीसच्या बरोबर निम्म्या!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. गणित इतकं सुरेख क्वचितच जमतं. मुलगी खडूच्या रेघेवरच खाली बसली होती, ओठ निळसर. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि दाराशी नेऊन उभं केलं. दर बदलला की जागा बदलते, हा खेळाचा नियम होता.

"पण बाई," चश्मिसने हात वर केला, "आमचं तर दहाच सेकंदांचं आहे. आम्ही कुठे मिनिटभर मारल्या? मग ती शेवटी कशी?"

अख्ख्या वर्गात एकमान पद्धत समजली होती ती त्या एकट्याला. "खाली बस," मी म्हटलं.

जाताना साहेब म्हणाले, "ती मुलगी तुम्हाला आई म्हणाली?"

"हो. माझीच आहे."

"कमाल आहे. मला आधी कळलंच नाही. इतकी निःपक्षपाती शिक्षिका मी पाहिली नाही." वहीत त्यांनी काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. मोठ्या बाईंनी दुरूनच मला मान हलवून दाखवली. जागा माझी झाली होती, आणि मी खरंच सुखावले होते. खोटं कशाला बोलू?

शाळा सुटल्यावर मुलीला दवाखान्यात न्यावंच लागलं, कारण तिला फाटकापर्यंतही चालवेना. डॉक्टर घड्याळाकडे बघत तिच्या छातीवर हात ठेवून उभे राहिले. "अर्ध्या मिनिटात बावीस," ते म्हणाले. "म्हणजे मिनिटाला चव्वेचाळीस श्वास. याच्या निम्मे पुरे असतात." त्यांनी नळी लावून तिला वाफ द्यायला सुरुवात केली. मग माझ्याकडे वळले. "मी चिठ्ठी दिली होती ना? काय केलं हिने?"

नळीआडून मुलगीच बोलली.

"दोरीवरच्या उड्या. बाईंनी सांगितलं म्हणून."

"कोण ही बाई?" डॉक्टर भडकले. "अक्कल गहाण ठेवली आहे का तिने? छाती भरलेल्या पोरीला उड्या मारायला लावते! अहो, आई आहात ना तुम्ही? गप्प काय बसता? उद्या शाळेत जा आणि तिला चारचौघांत जाब विचारा."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सांगेल. तिने नळी पुन्हा तोंडाशी धरली.

"हो," मी म्हटलं. "विचारते."

तासाभराने आम्ही निघालो. रस्त्यावर मी तिचं दप्तर घेतलं, हातही धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, नुसता माझ्या हातात राहू दिला. शाळेचं फाटक केव्हाच मागे पडलं होतं. घराच्या वळणावर ती दम खायला थांबली.

"कधी विचारणार, बाई?"