चार मिनिटांचा शॉट

उमेशच्या पॉडकास्टला स्टुडिओ असा नव्हताच. सप्तापूरच्या भाड्याच्या खोलीत त्यानं भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. पंखा बंद केला, खिडकी लावली, की झाला स्टुडिओ. पाहुणे घामाघूम व्हायचे आणि सिनेमावर बोलायचे. आवाजाचं सगळं वनिता बघायची. कानाला हेडफोन, समोर यंत्र आणि तोंडाला कुलूप. टेक चालू असताना आवाजाच्या माणसानं ब्र काढायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम, आणि दहा वर्षांत वनितानं तो एकदाही मोडला नव्हता.

आजचा पाहुणा होता संदीप. त्याच्या सतरा मिनिटांच्या फिल्मला दोन महोत्सवांत बक्षीस मिळालं होतं, आणि बक्षीस मिळालं की माणसाला जे होतं ते त्यालाही झालं होतं. तो फार सावकाश बोलू लागला होता. पूर्वी पडद्यावर आईनं ऊर बडवून घेतला की थिएटरभर नाकं शिंकरली जायची, तो म्हणाला. आता तसलं रडणं लोकांना खोटं वाटतं, चक्क हसू येतं. आता आई गप्प बसलेली हवी. उमेश मधून मधून कानडीत 'हौदु, हौदु', म्हणजे होय होय, म्हणत मान डोलवत होता. आवड बदलली खरी, पण ती सुधारली का, असं त्यानं विचारलं. त्यावर संदीपनं ठासून सांगितलं की आजच्या प्रेक्षकाला फक्त खरं लागतं.

मग त्या चार मिनिटांच्या शॉटचा विषय निघाला. निघणारच होता. अळणावरजवळच्या खेड्यातली रुक्मिणी नावाची म्हातारी, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली, चुलीपुढं बसते आणि चार मिनिटं काही म्हणजे काही करत नाही. फिल्ममध्ये तिला मुलगा गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. हे तिच्याकडून करून कसं घेतलंत, उमेशनं विचारलं.

"विश्वास," संदीप म्हणाला. "तिचा माझ्यावर विश्वास बसला होता."

त्या फिल्मचा आवाजही वनितानंच घेतला होता. विश्वास बसला होता, यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवशी म्हातारी सकाळपासून नुसती लाजत होती, कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. अकरा टेक वाया गेले. शेवटी संदीप तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, आजी, गोव्याहून फोन आलाय, तुमच्या राजूची बोट बुडाली. राजू, तिचा एकुलता एक मुलगा, खरोखरच गोव्याला मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला होता. म्हातारीच्या पदराला लावलेल्या माइकमधून ते शब्द वनिताच्या कानात जसेच्या तसे आले. तिला बोलता आलं असतं. तिनं आवाजाची पातळी दोन खुणा वर नेली, म्हातारीचा श्वास नीट यावा म्हणून. चार मिनिटांनी 'कट' झालं, तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन वनिताच पुढं धावली. आजी, खोटं होतं, शूटिंग होतं, राजू बरा आहे, असं तिनंच सांगितलं. म्हातारीनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ गेले नाहीत.

रेकॉर्डिंग संपलं. वनितानं फोन पाहिला तर राधाचे सात कॉल येऊन गेलेले. राधा म्हणजे राजूची बायको. शूटिंगच्या वेळचे फोटो पाठवायला म्हणून तिनं वनिताचा नंबर घेतला होता. वनितानं जिन्यात जाऊन तिला फोन लावला.

आठ दिवसांपूर्वी राजूचा ट्रॉलर खरोखरच उलटला होता. दोघंजण सापडले, राजू सापडला नाही, आणि शोधही आता थांबला होता. गोव्याहून फोन आला तेव्हा सासूबाईंनीच घेतला. सिनेमावाले परत आले वाटतं, म्हणाल्या, फोन ठेवला आणि शेतावर गेल्या. भावकीतली माणसं गोव्याला जाऊन हात हलवत परत आली, तरी त्या मानायला तयार नाहीत. परवा दहावा, पण त्या दिवसकार्य करू देत नाहीत.

"खुळ्या नाही झाल्या त्या, अक्का," राधा म्हणाली. "कानाला ते यंत्र लावलेली बाई येणार नि खोटं होतं म्हणून सांगणार, म्हणतात. तुमची वाट बघत बसल्यात. एकदा या नि खरं हाय म्हणून सांगा."

वनितानं वर येऊन दोघांना सगळं सांगितलं. संदीपचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे रेकॉर्ड होत नाहीये ना?" त्यानं विचारलं.

मग त्याचे डोळे भरून आले. उद्या माझ्याबरोबर चल, असं वनितानं म्हटल्यावर मात्र त्याला पुण्याचं स्क्रीनिंग आठवलं, आणि मी येऊन काय तोंड दाखवू, असंही तो म्हणाला. तो नीच आहे असं म्हणून हात झटकता आले असते तर किती बरं झालं असतं. पण पातळी वर नेणारे हात वनिताचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती अळणावरला उतरली आणि टमटमनं खेड्यात पोचली. वाटभर तिनं एकच वाक्य घोकलं होतं. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. वनिताला बघून तिचा चेहरा असा उजळला की वनिताला तिथूनच मागं फिरावंसं वाटलं.

"बघ गं राधा, आली का नाही? मी म्हटलं नव्हं, येणार म्हणून," म्हातारी म्हणाली. तिनं राधाला चहा ठेवायला सांगितलं. ह्या खेपेला फार दिवस लावलात, घरच्यांना असा घोर लावू नये, म्हणून वनिताला जरा रागेही भरली. मग आत जाऊन चुलीपुढं त्याच जागी बसली, शिकवलं होतं तसा पदर डोक्यावर घेतला आणि हात मांडीवर ठेवले.

"घे बाई, काय घ्यायचं ते," ती म्हणाली. "झालं की सांग मला."

दारात राधा तोंडाला पदर लावून उभी होती. वनिता म्हातारीजवळ खाली बसली. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "ह्या वेळी आम्ही कॅमेरा नाही आणलेला."

म्हातारीनं तिच्या कानांकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. मग त्या दिवशी माइक जिथं लावला होता, तिथं पदर चाचपून पाहिला. दोनदा चाचपला.

आणि तिनं हंबरडा फोडला. ऊर बडवत, जमिनीवर कपाळ आपटत, राजूचं नाव घेऊन, गल्ली गोळा होईल असा. वनितानं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जुन्या सिनेमातल्या आया रडायच्या तसंच ती रडत होती, अगदी तसंच, आता लोकांना जे खोटं वाटतं तसंच.