बत्तिसावं नाव

मयुरीबाईंनी नेटवर्कची विंडो उघडली आणि ती डोळा मारून पळाली. पुन्हा उघडली, पुन्हा पळाली. सकाळपासून हीच तऱ्हा. आता चार वाजून गेले होते. गावतलावाच्या ठेक्याचा अर्ज पाचच्या आत ऑनलाइन गेला नाही, तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात जाणार होता आणि बत्तीस ढिवर घरांची जाळी खुंटीला टांगलेलीच राहणार होती.

बाई चामोर्शीजवळच्या या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या सचिव. जुनी लाइन बसली म्हणून काल, ऐन दसऱ्याला, नवी केबल आली. केबलवाल्यानं चिठ्ठीवर आकडे लिहून दिले होते. ते त्या विंडोत भरले की नेट चालू. पण विंडो टिकेल तर ना! बाईंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून खोचल्या, वरून दोन थापट्याही दिल्या. मोबाइलला तर गावात टॉवरच नव्हता, आणि अध्यक्षांची डिजिटल सही फक्त याच कॉम्प्युटरवर चालायची.

हे काम कोणाचं, ते बाईंनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. निकेशचं. दोन वर्षं गडचांदूरला राहून तो महिन्यापूर्वी परतला, तोही नव्या गाडीवर. ठेकेदार गडचांदूरचाच. आणि काल केबलवाला गेल्यावर कॉम्प्युटरसमोर कोण बसलं होतं? हाच! एकदा मनात संशय शिरला की पुरावा बाजारातून आणावा लागत नाही, घरातच सापडतो. बाईंनी अर्जासोबतच्या सभासद यादीतून त्याचं नाव गुपचूप उडवलं. यादीत नाव नाही तर वर्षभर तलावात उतरता येत नाही. अध्यक्ष बाबुलालभाऊंनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही केली.

"बाई, मी पाहू का?" निकेश दारातून म्हणाला.

"काऊन? काल पाह्यलं तेवढं पुरलं नाई काय?"

"पाहू दे ना वं त्याले," व्हरांड्यातून बाबुलालभाऊ म्हणाले. "साडेचार झाले."

बाई उठल्या, पण त्याच्या खुर्चीमागेच उभ्या राहिल्या. त्याच्या बोटांवरून त्यांची नजर हलेना. निकेशनं विंडो उघडली, ती गेली. दुसरी एक छोटी चौकट उघडली, तीही गेली.

"कोपऱ्यातलं एस्केपचं बटन कोणी दाबून धरल्यावानी होऊन राह्यलं, बाई."

"भूत बसलं असंल तुह्या ओळखीचं."

निकेशनं कीबोर्ड उचलला, उलटा केला, टेबलावर दोनदा आपटला. खाली एक तांदूळ पडला. कुंकवानं लाल झालेला.

बाईंनी तो तांदूळ ओळखला. दसऱ्याला जाळी आणि डोंगे पुजतात, तसा सोसायटीचा कॉम्प्युटरही पुजायची रीत त्यांनीच पाडली होती. काल कीबोर्डवर मूठभर अक्षता त्यांनीच वाहिल्या होत्या, जाळ्यावर वाहतात तशा, हात न आखडता.

आता विंडो उघडली ती उघडीच राहिली. निकेशनं आकडे भरले, नेट आलं, अर्ज उघडला. यादीवर त्याचं बोट थांबलं. त्यानं ती वरून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली.

"एकतीस," तो म्हणाला. मागे वळूनही पाहिलं नाही त्यानं. "पाठवू, बाई?"

पाचला बारा मिनिटं होती. असाच पाठवला असता तरी अर्ज गेला असता, तलाव गावाचाच राहिला असता. नाव घालायचं तर सही पुन्हा घ्यायची आणि बाबुलालभाऊ विचारणार. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब," त्या म्हणाल्या. निकेशला उठवून त्या खुर्चीवर बसल्या, बत्तिसावं नाव घातलं आणि बाबुलालभाऊंना हाक मारली.

"आता पुन्हा सही काऊन?" बाबुलालभाऊंनी विचारलं. व्हरांड्यातली सगळी माणसं ऐकत होती.

"मी याचं नाव काढलं होतं, भाऊ. मले वाटलं यानंच बिघडवला. तांदूळ माह्या हातचा निघाला."

भाऊंनी सही केली. पाचला तीन मिनिटं कमी असताना अर्जाची पोच आली.

निकेशनं पोच आणि यादी छापली. पोच बाईंच्या हातात दिली आणि यादी मात्र उभ्याउभ्या पुन्हा पहिल्या नावापासून वाचत गेला.

"बाई," तो म्हणाला, "याची एक झेरॉक्स मले द्या. सही-शिक्क्याची."