तुडुमाखालचे पाणी

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. कागदाची नव्हे, संगणकातली. मला एका जागी कोणी बसू देत नाही. फितीवरून तबकडीवर, तबकडीवरून लॅपटॉपवर, अशी माझी फिरती चालूच असते. नव्या जागी आपल्याला कोणी वाचू शकेल की नाही, ही धाकधूक कायमची.

माझा जन्म नागपूरच्या एका कार्यालयात, खोलीएवढ्या संगणकात झाला. कुंताबाईंनी मला घडवले. त्या सोमवारी गोंदियाहून गाडीने यायच्या, शनिवारी परत जायच्या. देवरीकडच्या तलावांत दर महिन्याला पाणी किती, ते त्या माझ्यात भरायच्या. तलावाच्या पाळीतून, म्हणजे बांधातून, शेतात पाणी सोडायच्या दाराला तिकडे तुडूम म्हणतात. पाणी तुडुमाच्या उंबऱ्याच्या वर असेल तर आकडा अधिक, खाली गेले तर वजा. वजा म्हणजे पाणी डोळ्यांना दिसते, पण धानाला मिळत नाही.

माझ्यातली गावांची नावे मोठ्या संगणकाच्या लिपीत होती. आकड्यांची रीत वेगळी. जागा वाचावी म्हणून एका घरात दोन आकडे दाबून बसवलेले, आणि शेवटच्या अर्ध्या घरात अधिक की वजा याची खूण. बाईंनी कोबोल या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेला प्रोग्राम मला न अडखळता वाचायचा. साहेब लोक कौतुक करायचे.

पुढे मोठा संगणक बंद झाला. बाईंनी परवानगी काढून मला आणि प्रोग्रामला तबकडीवर घरी आणले. निवृत्त झाल्यावर घरच्या संगणकावर चालवून बघेन, म्हणायच्या. मग दुखणे आले. मागच्या दिवाळीआधी त्या गेल्या. त्यांचे यजमान मोहनलाल अधूनमधून कपाट उघडायचे, तबकडीवरची धूळ पुसायचे आणि कपाट लावून घ्यायचे.

यंदा मोहनलालांच्या देवरीकडच्या गावातल्या तलावातला गाळ काढायचा की नाही, हे ठरायचे होते. पाहणीला आलेले इंजिनियर हेमेंद्र म्हणाले, उन्हाळ्यात पाणी तुडुमाखाली जात होते असे जुने आकडे दाखवा, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला जाईल. आकडे आमच्या घरी आहेत, असे मोहनलाल सांगून बसले.

त्यांची मुलगी नीतू संगणकाचेच काम करते. ती सुटी काढून आली. ओसरीवर लॅपटॉप उघडला. शेजारचे बकाराम बघायला आले. नीतूने माझी एक प्रत केली आणि ती सगळीच्या सगळी एका झटक्यात नव्या लिपीत बदलली. नावे छान उमटली. पण आकडेही अक्षरे समजून बदलले गेले, आणि माझ्या अंगात काही जागेवर राहिले नाही. पाणी ताडाच्या वर निघाले.

बकाराम म्हणाले, "मोहनभाऊ, तुमच्या तलावाचं पानी तं डोंगरावर कचारगडच्या गुफेत शिरून राहिलं."

नीतू हसली नाही. मूळ फाईल घेऊन तिने फक्त नावे बदलली आणि दाबलेले आकडे एकेक करून सोडवले. शेवटचे अर्धे घर तिला नुसते जागा भरायला ठेवलेले वाटले. तिने ते टाकून दिले. आता आकडे इतके नीटनेटके दिसत होते की कोणालाही खरे वाटावेत. आणि दर उन्हाळ्यात पाणी तुडुमाच्या वर.

हेमेंद्र आले, त्यांनी पाहिले. पाणी तर भरपूर होते, म्हणाले, आणि गाडीची किल्ली हातात घेतली. मी आतून ओरडत होते, पण फाईलला आवाज नसतो.

मोहनलालांनी एका उन्हाळ्यावर बोट ठेवले.

"हा आकडा तुह्या मायचा नाही."

"काऊन, बाबूजी? तिच्याच फाईलमधला आहे."

"त्या साली तुडुमाचा दगड पाहाले आमी दोघं तलावातून पायी गेलो. भेगाईत पाय अडकत होता. तिची चप्पल माह्या हातात होती. पानी असतं तं चाललो असतो का?"

हेमेंद्र परत खाटेवर बसले. नीतूने आईचा प्रोग्राम उघडला आणि आकड्यांचे वर्णन पहिल्यांदाच सावकाश वाचले. खुणेची जागा आईने सांगून ठेवली होती. टाकलेले अर्धे घर तिने परत घेतले. एकामागून एक उन्हाळ्यांपुढे वजा उभा राहिला.

हेमेंद्रांनी मशीन पाठवायचे कबूल केले. मोहनलाल त्यांना पोचवायला उठले नाहीत. तो उन्हाळा पुन्हा दाखव, एवढेच नीतूला म्हणाले, आणि बघत राहिले.

मित्रांनो, मला अजून स्वस्थता नाही. हा लॅपटॉपही जुना होईल, मला पुन्हा हलवतील. तेव्हा सगळ्याला एकच हात फिरवू नका. जे रिकामे वाटते ते टाकण्याआधी थांबा. आणि ज्याने भरले तो माणूस घरात असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारून घ्या. निवृत्तीनंतर कुंताबाई ओसरीवरच बसलेल्या असायच्या. त्यांना कोणी विचारले नाही.